पोत्याच्या बदल्यात पोतं

प्रयोगशाळेतून आलेला तो कागद मी बॅचच्या वहीत चिकटवून ठेवलाय. डावीकडे औषधांची नावं, उजवीकडे एकेक अक्षर. एन्रोफ्लॉक्सासिनसमोर आर. ऑक्सिटेट्रासायक्लिनसमोर आर. अमॉक्सिसिलिनसमोरही आर. आर म्हणजे रेझिस्टंट. जंतू त्या औषधाला भीक घालत नाही.

ब्रॉयलरची, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांची, ती बॅच सव्वीस दिवसांची होती. पक्षी पंख पाडून बसायचे, रात्री दिवे मंद झाले की शेडभर घरघर ऐकू यायची. मेलेला पक्षी उघडला की हृदयावर आणि यकृतावर दुधावर साय धरावी तसा पिवळट थर. ई-कोलाय. नेहमीच्या सवयीने पाण्यातून एन्रोफ्लॉक्सासिन सुरू केलं. पाच दिवस दिलं, मर तशीच. मग दुसरं औषध, तेही वाया. तिसरं देण्याआधी डॉक्टरांनी नमुना तपासायला पाठवला आणि हा कागद हातात पडला.

"अँटिबायोटिक कधीपासून देताय?" त्यांनी विचारलं.

"आजार दिसल्यापासून."

"त्याआधी?"

"त्याआधी काहीच नाही."

ते काही न बोलता स्टोअरमध्ये गेले. खाद्यात मिसळायच्या प्रीमिक्सचं पोतं उलटं करून त्यांनी शिवणीजवळचा बारीक मजकूर वाचून दाखवला. त्यात बॅसिट्रासिन हे अँटिबायोटिक होतं, पहिल्या दिवसापासून शेवटच्या खाद्यापर्यंत. मग म्हणाले, "आणि पिल्लं उतरली की पहिले तीन दिवस पाण्यात काय घालता?"

तिथे मी गप्प झाले. पहिल्या तीन दिवसांचं एन्रोफ्लॉक्सासिन मी कधी औषध म्हणून मोजलंच नव्हतं. पिल्लं आली की गूळपाणी, मग ती बाटली. ही पद्धतच होती. म्हणजे जंतूंनी ते औषध आयुष्याच्या पहिल्याच दिवशी पाहिलेलं होतं, आणि सव्विसाव्या दिवशी मी त्यांना तेच पुन्हा दाखवत होते. हॅचरीतूनच, म्हणजे पिल्लं जिथे उबवतात तिथूनच, असे जंतू येऊ शकतात, सगळा दोष तुमच्या शेडचा नाही, असं डॉक्टर नंतर म्हणाले. मला त्याने फारसं बरं वाटलं नाही.

हे सगळं खाद्यात शिरलं कसं, हे मी ती बॅच संपून शेड रिकामं असताना वाचून काढलं. १९४० च्या दशकाच्या शेवटी लेडर्ली या अमेरिकी औषध कंपनीत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हे दोघे पिल्लांच्या खाद्यासाठी बी-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. क्लोरटेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक बनवल्यावर उरणारा चोथा त्यांनी पिल्लांना घालून पाहिला, आणि पिल्लं नुसत्या जीवनसत्त्वावर वाढायला हवीत त्याहून जास्त वाढली. चोथ्यात उरलेल्या औषधाच्या अंशाचा तो परिणाम होता. पुढे थोड्याच वर्षांत जगभरच्या खाद्यात औषधाची चिमूट पडू लागली. कमी मात्रेत औषध दिलं तर जंतू ते पचवायला शिकतात, ही गोष्ट पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच सांगून ठेवली होती, पण ती माणसांबद्दल आहे असं समजून कोंबडीवाले पुढे गेले असावेत. स्वीडनने वाढीसाठीची अँटिबायोटिक्स १९८६ मध्ये बंद केली. युरोपीय संघात १ जानेवारी २००६ पासून ती पूर्ण बंद झाली. डेन्मार्कच्या ब्रॉयलरवाल्यांनी तर १९९८ मध्येच स्वतःहून थांबवली होती, आणि त्यांची मरतूक वाढली नाही, खाद्य किंचित जास्त लागलं. हे शेवटचं वाक्य वाचून मला जो हुरूप आला, त्याने माझ्या पुढच्या दोन बॅच खाल्ल्या.

पहिली बॅच म्हणजे निव्वळ गोंधळ होता.

माझ्या डोक्यात हिशोब सोपा होता: एक पोतं बंद करायचं, त्याच्या जागी दुसरं आणायचं. मग दुसरं कुठलं, हे विचारायला लागले तर प्रत्येकाकडे आपापलं पोतं तयार. कुणी प्रोबायोटिक, म्हणजे उपयुक्त जिवंत जंतू म्हणालं, कुणी ॲसिडिफायर, म्हणजे पाणी आंबट करणारं आम्ल, कुणी यीस्टच्या पेशींच्या सालीपासून बनवलेली एमओएस नावाची पावडर, कुणी ओव्यासारख्या वनस्पतींच्या अर्काचं तेल, कुणी लसूण आणि हळद. मी सगळंच घातलं. सहा हजार पक्ष्यांना पाच प्रकार, एकाच वेळी. मामा, म्हणजे शेड सांभाळणारे आमचे जुने गडी, बादलीत पावडरी ढवळत म्हणाले, "ताई, एवढं तर आजाऱ्यालाही देत नाहीत."

प्रोबायोटिक लॅक्टोबॅसिलसचं होतं, पाण्यातून द्यायचं. महिनाभराने डॉक्टरांनी सहज विचारलं, पाण्यात क्लोरीन घालता ना? घालते की, रोज, न चुकता. म्हणजे जिवंत जंतू विकत आणून मी ते टाकीत स्वतःच्या हाताने मारत होते आणि त्यांची प्रेतं पिल्लांना पाजत होते. तेच खाद्यात घातलं असतं तरी फार निराळं झालं नसतं, कारण गोळी खाद्य बनवताना जी वाफ देतात त्यात लॅक्टोबॅसिलस सहसा टिकत नाहीत. तिथे बॅसिलस सब्टिलिससारखे जंतू लागतात. त्यांचे बीजाणू कवचात असतात, उष्णता सोसतात आणि आतड्यात गेल्यावर जागे होतात. हा फरक पोत्यावर मोठ्या अक्षरांत कुणी लिहीत नाही. दोन्हींवर 'प्रोबायोटिक' एवढंच असतं.

बॅच मेली नाही. पण वजन मागे राहिलं आणि एफसीआर, म्हणजे किलोभर वजनासाठी लागलेलं खाद्य, नेहमीच्या १.६६ वरून १.७८ वर गेलं. खरं दुःख वेगळंच होतं: पाच गोष्टींतली कुठली उपयोगी पडली, कुठली आड आली, हे सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

दुसऱ्या बॅचला शहाणपण आलं असं वाटत होतं. खाद्यात बॅसिलस, पाण्यात सेंद्रिय आम्ल, बाकी सगळं बंद. बाविसाव्या दिवसापर्यंत पक्षी दृष्ट लागावी असे होते. तेविसाव्या दिवशी सकाळी चौदा मेलेले. चांगले, भरल्या अंगाचे पक्षी. संध्याकाळपर्यंत आणखी एकतीस.

डॉक्टर येईपर्यंत मी एक स्वतःच उघडला. आतडं वायूने फुगलेलं, कागदासारखं पातळ, बोट लागताच फाटणारं. उलगडून आतली बाजू पाहिली तर वापरून विटलेल्या टॉवेलसारखी खरबरीत, तपकिरी-पिवळी. आणि वास. तो वास नाकातून दोन दिवस गेला नाही. नेक्रोटिक एंटरायटिस, म्हणजे आतड्याचं अस्तर सडवणारा आजार. जंतूचं नाव क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स.

इथे मी जे केलं ते लपवत नाही. अँटिबायोटिक दिलं. नमुना पाठवला, पेनिसिलिन गटातलं औषध पूर्ण मात्रेत, सांगितले तितके दिवस पाण्यातून दिलं, आणि औषध थांबल्यावर ठरलेले दिवस उलटेपर्यंत एकही पक्षी शेडबाहेर जाऊ दिला नाही. 'आम्ही औषध वापरतच नाही' अशी पाटी लावायच्या हौसेपायी आजारी पक्षी तडफडत ठेवणं मला मान्य नाही, आजही नाही. आजारावर औषध आणि खाद्यातली रोजची चिमूट, या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत.

पण त्या रात्री डॉक्टरांनी जे सांगितलं त्याने माझी दिशा बदलली. मी विचारलं होतं, हा जंतू आला कुठून? ते म्हणाले, "आला कुठून काय, तो होताच. धडधाकट पक्ष्याच्या आतड्यातही असतो. त्याला दार कुणी उघडून दिलं ते शोधा."

दारं तीन सापडली. एक, कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यात राहणारे सूक्ष्म परजीवी. रक्ती हगवण दिसली नव्हती म्हणून मी निर्धास्त होते. पण कॉक्सिडियाच्या सगळ्याच जाती रक्त दाखवत नाहीत. आंधळ्या आतड्यात राहणारी टेनेला रक्त दाखवते. मधल्या आतड्यातली मॅक्सिमा गुपचूप अस्तर खरवडते, त्या जखमांतून प्रथिनं झिरपतात आणि क्लॉस्ट्रिडियमला आयती मेजवानी मिळते. दोन, खाद्य. त्या खेपेला गिरणीने माशाची भुकटी वाढवली होती. न पचलेलं प्रथिन खालच्या आतड्यात जाऊन कुजतं, आणि हा जंतू त्यावरच पोसतो. तीन, ओली गादी, म्हणजे शेडमध्ये अंथरलेलं तूस. पाण्याच्या रेषेखाली तूस लगदा झालेलं. बॅसिट्रासिन चालू असताना ही तिन्ही दारं उघडीच असणार. पहारेकरी उभा होता म्हणून चोर आत आला नव्हता, इतकंच.

त्यानंतर मी पोती शोधणं थांबवलं आणि शेड धुंडाळायला लागले. सगळ्यात आधी पाणी.

माझ्या समजुतीप्रमाणे आमचं पाणी स्वच्छ होतं. टाकीतलं होतंही. मामांनी रेषेच्या शेवटचं टोक उघडून एक निपल, म्हणजे पक्षी जिला चोच लावून पाणी पितात ती तोटी, काढलं आणि आत बोट फिरवलं. बोटावर करडा, बुळबुळीत थर आला. बायोफिल्म. जंतू स्वतःभोवती चिकट कवच बांधून नळीला धरून बसतात, वरून क्लोरीनचं पाणी वाहून जातं, त्यांना ढिम्म होत नाही. पाण्यातून दिलेली जीवनसत्त्वं, गूळ, औषधं हे सगळं त्या थराचं खाद्य. माझ्या पहिल्या बॅचच्या पाच पावडरींनी तिथे काय वैभव उभं केलं असेल, याची कल्पना न केलेली बरी.

आता दोन बॅचच्या मधे रिकाम्या नळ्यांत हायड्रोजन पेरॉक्साइडचं द्रावण भरून ठेवतो, दुसऱ्या दिवशी जोराच्या पाण्याने धुऊन काढतो. पहिल्यांदा धुतलं तेव्हा जे बाहेर आलं ते पाहून मामा म्हणाले, "आपण हे पाजत होतो?" पिल्लं असताना पेरॉक्साइडचा तेवढा तीव्र डोस देत नाही, कारण सुटलेला थर निपलमध्ये अडकतो आणि पिल्लं तहानलेली राहतात.

मग सामू, म्हणजे पीएच. आमच्या पाण्याचा सामू आठच्या वर होता, आणि तिथे क्लोरीनचा जोर बराचसा वाया जातो. जंतू मारणारं त्याचं रूप सात किंवा त्याखाली नीट काम करतं. म्हणजे आम्ल घातल्याने आतड्याचं काय व्हायचं ते होवो, क्लोरीन तरी कामाला लागतं. फक्त एक काळजी: आम्ल आणि क्लोरीन एकाच डब्यात कधीही ओतायचं नाही. विषारी वायू सुटतो. आमच्याकडे एकदा मामांच्या हातून ते होता होता राहिलं. तेव्हापासून डबे दोन, मापंही दोन, आणि दोन वेगवेगळ्या खोल्यांत.

आम्लाबद्दलही मला बरंच उशिरा कळलं. जास्त आंबट केलं की पिल्लं पाणी कमी पितात, आणि पाणी कमी प्यालं की खातही कमी. सामू चारच्या खाली मी कधी जाऊ देत नाही. शिवाय सेंद्रिय आम्ल थोडं-थोडं सतत चालू ठेवलं तर नळीत बुरशीचे दोरे धरतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं, निपलमधून निघालेला पांढरा शेवाळासारखा गुंता. म्हणून आता काही दिवस आम्ल, मग खंड. पाण्यातून लस द्यायची असेल तर क्लोरीन, आम्ल सगळं आधीच बंद, आणि पाण्यात दुधाची पावडर, म्हणजे उरलासुरला क्लोरीन तीच खाऊन टाकते.

मग खाद्य. इथे मला जे सापडलं ते कुठल्याही जाहिरातीत नव्हतं. माझ्या पक्ष्यांना पेटारा, म्हणजे पोटातली खाद्य दळणारी पिशवी, जवळजवळ नव्हताच. असायचा, पण लहान, ढिला, जेमतेम नावापुरता. खाद्य इतकं बारीक दळलेलं की दळायला त्याला काही उरतच नसे. अवयव रिकामा बसला की आक्रसतो. आणि पेटारा म्हणजे नुसतं जातं नव्हे. वरच्या जठरातलं आम्ल तिथेच खाद्यात घोळलं जातं, तिथला सामू तीनच्या आसपास असतो, आणि खाद्याबरोबर आलेले कितीतरी जंतू तिथेच मरतात. मी पाण्यात विकतचं आम्ल ओतत होते आणि पक्ष्याच्या पोटातली आम्लाची भट्टी बंद पाडून ठेवली होती.

गिरणीवाल्याला म्हटलं, धान्य भरड ठेवा. तो म्हणाला, गोळी नीट बसणार नाही, मग चुरा झाला म्हणून तुम्हीच ओरडाल. दोघांचंही खरं होतं. शेवटी थोडं भरड धान्य आणि थोडा खरखरीत तंतू, असा तह झाला. तीन आठवड्यांनी उघडलेल्या पक्ष्यात पेटारा मुठीत घट्ट लागला तेव्हा मी तो धुऊन पुन्हा पुन्हा दाबून पाहिला. मामांना वाटलं ताईचं काहीतरी बिनसलंय.

प्रथिनही कमी केलं. एकूण टक्केवारी खाली आणायची आणि मेथिओनिन, लायसिन, थ्रिओनिन ही अमिनो आम्लं वरून मोजून घालायचे, म्हणजे पक्ष्याला हवं ते मिळतं आणि कुजायला खाली काही उरत नाही. माशाची भुकटी बंद. एन्झाइमही घालतो. गहू किंवा बार्ली खाद्यात असेल तर झायलनेज आणि बीटा-ग्लुकनेज यांचा उपयोग मला स्पष्ट दिसला, कारण या धान्यांतल्या चिकट तंतूंमुळे आतड्यातला लगदा दाट होतो, विष्ठा चिकट होते, गादी ओली होते. मक्याच्या खाद्यात तेवढा फरक दिसला नाही.

कॉक्सिडियाचं उत्तर माझ्याकडे अजून अर्धवटच आहे. मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन ही आयनोफोर गटातली औषधं खाद्यात घालता येतात. माणसांच्या उपचारात ती वापरत नाहीत, आणि युरोपात त्यांना कॉक्सिडियाविरोधी खाद्यपूरक मानतात, अमेरिकेत मात्र अँटिबायोटिक. म्हणजे तीच पिशवी एका देशात चालते, दुसऱ्यात 'अँटिबायोटिकविना' या शिक्क्याला आड येते. मी एक बॅच आयनोफोरवर आणि पुढची लशीवर, अशी आलटून पालटून घेते. लशीची गंमत अशी की त्यात जिवंत कॉक्सिडियाच असतो, अगदी थोडा. तो पिल्लाच्या विष्ठेतून गादीत पडतो, तिथे तयार होतो, पुन्हा चोचीतून आत जातो, आणि अशा दोन-तीन फेऱ्यांत अंगात ताकद येते. त्यासाठी गादीत थोडी ओल लागते! ज्या ओलीमागे मी महिनाभर हात धुऊन लागले होते, तीच इथे हवी. फार कोरडी तर लस बसत नाही, फार ओली तर रोग बसतो. मूठभर तूस दाबायचं: हात उघडल्यावर सैल होऊन विस्कटलं तर बरोबर, गोळा तसाच राहिला तर ओलं, गोळा झालाच नाही तर कोरडं. याहून चांगलं यंत्र माझ्याकडे नाही.

आता पिल्लांचा पहिला दिवस, ज्या दिवशी मी ती बाटली ओतत असे.

१९७१ च्या सुमारास फिनलंडमध्ये ब्रॉयलरमध्ये साल्मोनेला पसरला होता. तिथल्या नुर्मी आणि रांताला यांनी १९७३ मध्ये एक साधी गोष्ट दाखवून दिली. मोठ्या, निरोगी कोंबडीच्या आंधळ्या आतड्यातला माल नुकत्याच निघालेल्या पिल्लांना पाजला, तर साल्मोनेलाला आत जागाच मिळत नाही. जागा आधीच भरलेली. वाचताना मला आमच्या पिल्लांची कीव आली. परसातली कोंबडी पिल्लं काढते तेव्हा पिल्लू आईच्या पंखाखालून, तिने उकरलेल्या मातीतून आपलं जंतुधन घेतं. आमचं पिल्लू यंत्रात निघतं, स्वच्छ ट्रेमधून येतं, आई कधी दिसत नाही. त्याचं आतडं म्हणजे रिकामं गाव. त्यात पहिला जो शिरेल तो मालक. आणि मी त्या रिकाम्या गावात पहिल्याच दिवशी औषध फवारत होते, म्हणजे जो औषधाला पुरून उरतो त्यालाच वसायला बोलावत होते.

आता बाटली बंद. त्याऐवजी पिल्लांवर हॅचरीतच उपयुक्त जंतूंचा फवारा मारून घेते. पिल्लं एकमेकांची पिसं टोचतात आणि ते पोटात जातात. पण माझ्या मते फवाऱ्याहून मोठं काम ऊब करते. पिल्लं यायच्या आधी एक दिवस शेड तापलेलं हवं, हवाच नव्हे, तूससुद्धा. तळवा थंड तुसावर पडला की पिल्लू आकसून बसतं, खात नाही, पोटातला बलक शोषला जात नाही, आणि तोच बलक चार दिवसांनी ई-कोलायचं घर होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शंभर पिल्लांच्या गळ्याखालच्या अन्नपिशव्या चाचपते. पंचाण्णव तरी भरलेल्या आणि मऊ लागायला हव्यात. कडक लागली तर खाल्लंय पण पाणी सापडलेलं नाही. हे काम मी कुणावर सोपवत नाही.

हळद-लसणाचं काय झालं, हे मला सगळेच विचारतात. त्यावर माझं मत लोकप्रिय नाही. तिसऱ्या बॅचपासून मी शेडच्या मधोमध जाळी लावून दोन भाग केले. एकाच हॅचची पिल्लं, एकच खाद्य, फरक फक्त एका गोष्टीचा. पुढच्या बॅचला तोच प्रयोग बाजू बदलून, कारण पंख्याकडची बाजू नेहमीच थोडी उजवी असते आणि ते श्रेय फुकटात कुणाच्या तरी पावडरीला मिळतं. हळद-लसूण दोन्ही बाजूंनी पाहिलं. वजनात मला फरक मापता आला नाही. मापता आला नाही, एवढंच म्हणते. दोन बॅच म्हणजे काही विज्ञान नव्हे. लसणात आणि हळदीत जंतूंना नको असलेली द्रव्यं आहेत हे खरंच, पण कांडून घातलेल्या मुठीत ती किती असतात, हे दर खेपेला निराळं. थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल या ओव्यासारख्या वनस्पतींतल्या द्रव्यांच्या मोजलेल्या तेलाचं तसं नाही, मात्रा ठरलेली असते. त्याच्या बाजूला विष्ठा जरा आटोपशीर राहिली, दोन्ही वेळा. ते चालू ठेवलंय. ब्युटिरेट, म्हणजे ब्युटिरिक आम्लाचं मीठ, तेही चालू आहे, पण कवच दिलेलं, कारण उघडं दिलं तर ते वरच्या वरच शोषलं जातं, खालच्या आतड्यापर्यंत पोचतच नाही. एमओएस मी एका बॅचनंतर सोडलं. त्यामागचा विचार मला आवडतो. ई-कोलाय आणि साल्मोनेला आतड्याला ज्या साखरेला धरून चिकटतात तीच साखर बाहेर तरंगत ठेवायची, म्हणजे ते तिलाच धरून वाहून जातात. पण माझ्या वहीत त्याचा काही ठसा उमटला नाही.

जंतू खाणाऱ्या विषाणूंबद्दल, फेजबद्दल, डॉक्टर उत्साहाने बोलतात. फेलिक्स द'एरेल यांनी १९१९ मध्ये फ्रान्समध्ये ते पहिल्यांदा वापरले तेही कोंबड्यांच्याच टायफॉइडवर, हे त्यांच्याकडूनच कळलं. पण एक फेज एकाच जातीच्या जंतूला धरतो. शेडमध्ये कुठली जात आहे ते आधी माहीत हवं. माझ्या हातात तो अजून आलेला नाही.

सगळ्यात जास्त उपयोग ज्या दोन गोष्टींचा झाला त्या कुणी विकत नाही, म्हणून त्यांची जाहिरातही नसते. सहा हजारांच्या शेडमध्ये आता मी पाच हजार दोनशे पिल्लं घेते. आणि दोन बॅचमध्ये पूर्वी आठवडा सुटायचा, आता दोन आठवडे शेड रिकामं, धुतलेलं, वाळलेलं. यात वर्षाला एक बॅच कमी झाली. हा तोटा खरा आहे, आणि 'अँटिबायोटिक सोडलं तरी काही फरक पडत नाही' म्हणणाऱ्यांनी तो वहीत मांडून दाखवावा. माझा एफसीआर आता १.७० आहे. जुना १.६६ परत आलेला नाही.

गेल्या सात बॅचमध्ये दोनदा औषध द्यावं लागलं. दोन्ही वेळा तपासणी करून. अलीकडच्या कागदावर एन्रोफ्लॉक्सासिनसमोर अजूनही आरच आहे. ऑक्सिटेट्रासायक्लिनसमोर मात्र एस आला. एस म्हणजे सेन्सिटिव्ह, औषध लागू पडतं. एका कागदावरून मी काही म्हणत नाही, शेजारी शेजारी चिकटवून ठेवलेत दोन्ही.

चालू बॅचचा आज एकविसावा दिवस. सकाळी मामा काठीने गादी उकरत फिरत होते. आंधळ्या आतड्याची विष्ठा वेगळी ओळखू येते, घट्ट आणि काळपट तपकिरी. ती फिकट आणि फेसाळ झाली की आत बिघाड सुरू झाला असं समजायचं. परवा चौथ्या रेषेखाली तीन ठिकाणी फेस दिसला होता. तिथलीच दोन निपलं गळत होती, खालचं तूस मुठीत गोळा होत होतं. तेवढं उचलून कोरडं टाकलं, निपलं बदलली, आणि त्या भागातले दोन पक्षी उघडून पाहिले. मधल्या आतड्यात थोडा केशरी चिकटा होता, पण अस्तर शाबूत होतं.

"आज कसंय मामा?"

"दोन जागी गेलाय," ते म्हणाले. "एका जागी आहे अजून. भिंतीकडच्या."

भिंतीकडचं निपल मी बदललंच नव्हतं.